बिजागऱ्या उकळताना

ज्या भांड्यात मी पंचवीस वर्षं वाटाण्याचं सूप शिजवलं
त्यात आज चार बिजागऱ्या शिजताहेत,
मंद आचेवर, चमचाभर सोडा घालून.
भांडं आता स्वयंपाकघरातून बाद.
शेजारचा ओरिन ब्रेके म्हणाला होता, रात्रभर ठेव,
सकाळी रंग सायीसारखा सुटेल.
सुटला. खाली पितळ निघालं.
मी इतकी वर्षं त्याला लोखंड समजत होते.

ड्युलूथमध्ये मार्च म्हणजे हिवाळाच,
फक्त चिखल जास्त.
खाली सरोवरावर बर्फ तडकतो
त्याचा आवाज बाथरूमच्या खिडकीपर्यंत येतो,
कुणीतरी वरच्या मजल्यावर पलंग सरकवल्यासारखा.
वरचा मजला नाही या घराला.

कपाट भिंतीतच बांधलेलं:
वर दोन दारं, खाली तीन खण,
मधला कधीच न उघडलेला.
घर घेतलं तेव्हा एजंटबाई म्हणाल्या, तोडून टाका,
प्लास्टिकचं छान मिळतं.
मी म्हटलं, बघू या उन्हाळ्यात.
इथला उन्हाळा सहा आठवड्यांचा.
अठरा वर्षं ते घोंगडं भिजत पडलं.
मग गुडघ्यानं शाळेची बस सोडायला लावली,
आणि सकाळी साडेपाचला उठून करायचं काय,
हा प्रश्न आला.

पांढऱ्याखाली पिस्ता.
पिस्त्याखाली एक गुलाबी, आजारी माणसाच्या हिरड्यांसारखा.
त्याखाली साय, मग लाकूड.
शिसं असतं यात, मास्क काढू नकोस, ओरिन दारातून ओरडतो
आणि स्वतः मास्क न लावता आत येतो.
दर थराला कुणीतरी दोन पावलं मागे सरून
म्हणालं असेल, आता बरं दिसतंय.

मधला खण फक्त रंगानं चिकटला होता.
पटाशी फिरवली, आला.
आत एक आकडा, केसांचा,
आणि तळाला सुताराच्या पेन्सिलीनं दुसरा: २.
बस.
मी काय काय कल्पून ठेवलं होतं त्यात!

मागच्या पत्र्याला बारीक खाच आहे,
दाढीची जुनी पाती टाकायला.
टॉर्च मारला. भिंतीच्या पोकळीत
गंजलेला ढीग, माशाच्या खवल्यांसारखा.
कितीजणांचे गाल,
किती सोमवार.

डाव्या दाराच्या आत हंसांचा कागद होता.
वाफ दिली, हंस ओले होऊन गळाले,
खाली कोऱ्या लाकडावर पेन्सिल:

१२ फेब्रुवारी. सहा वाजता १०१.
नऊ, १०२.४.
बारा, १०३. योई वेत्ता.
दोन, १०४.
चार, १०४.२.

पुढे लाकूड.

ओरिनची आई फिनिश. त्यानं चष्मा कपाळावर ढकलून वाचलं:
पाणी प्यायला. किंवा प्यायली.
त्यांच्यात ते कळत नाही.
साल?
साल नाही.

आम्ही दोघं टबच्या काठावर बसलो,
मधे हीट गन, थंड होत असलेली.
उतरला असेल ताप, तो म्हणाला.
उतरल्यावर कोण लिहितं?
मी हो म्हटलं.
पेन्सिल इतकी दाबलेली नव्हती कुठेच
जितकी त्या शेवटच्या दोनावर.
हे त्याला दाखवलं नाही.

बाकी सगळ्याला घासकागद, लांबी, शेलॅकचे तीन हात.
खणांच्या कडांना मेणबत्ती चोळली:
आता बोटानं सरकतात, मधलाही.
पितळ चकचकतंय, जरा जास्तच.
त्या दाराची आतली बाजू मी तशीच ठेवली,
टिपण आणि त्याखालची रिकामी जागा.

एक झालं मात्र.
एवढे थर उतरवल्यावर फट राहते,
दार घट्ट लागत नाही.
ओरिन चुंबक बसवून देतो म्हणतो, शनिवारी.
असे तीन शनिवार झाले.
तोवर कागदाची घडी अडकवते, ती पडते,
आणि रात्री दार आपोआप उघडतं.
मी उठतेच एकदा, पाणी प्यायला.
ग्लास भरते,
लावून घेते.